साधुवाण्याची नाव

संगमेश्वरच्या बाजारपेठेतल्या दुकानदारानं, काजू फोडून गर विकणाऱ्यानं किंवा मागच्या पडवीत आगळ-आमसुलांचा धंदा थाटलेल्या बाईनं धंद्यावरचं एकही पुस्तक विकत घेतलेलं नसेल, पण एक पुस्तक त्यांनी वर्षातून एकदा तरी ऐकलेलं असतं. ते म्हणजे सत्यनारायणाची पोथी. दुकानाला वर्ष झालं, नवं यंत्र आलं, की चौरंग मांडला जातो, केळीचे खुंट बांधले जातात आणि शिऱ्याच्या वासात पाच अध्याय वाचले जातात. ऐकणाऱ्यांचं अर्धं लक्ष प्रसादाकडे असल्यामुळे एक गोष्ट निसटून जाते: ही कथा देवळातल्या माणसांपेक्षा बाजारातल्या माणसांची जास्त आहे. तिच्यातला मोळीविक्या व्रताचा संकल्प करून निघतो, तर त्या दिवशी त्याच्या मोळीला दुप्पट दाम येतो. आणि तिसरा-चौथा अध्याय मिळून जी सर्वांत लांबलचक गोष्ट सांगितली आहे, ती साधू नावाच्या वाण्याची आणि त्याच्या मालानं भरलेल्या नावेची. धंदा वाढवणं हे पुण्य, पाप, की या दोहोंशी संबंध नसलेलं नुसतं कसब, हा प्रश्न मराठी घरांत इतक्या सहज आणून ठेवणारी दुसरी पोथी मला दिसत नाही.

आता त्या चौरंगाच्या शेजारी दुसऱ्या पोथ्या येऊन बसल्या आहेत. विक्री कशी वाढवावी, छोटी कंपनी मोठी कशी करावी हे सांगणारी पुस्तकं मराठी अनुवादात मिळतात आणि तरुण धंदेवाले ती निष्ठेनं वाचतात. निष्ठा हा शब्द इथं मुद्दाम वापरतो आहे. नेपोलियन हिलनं १९३७च्या ‘थिंक अँड ग्रो रिच’मध्ये सांगितलं की हवी ती रक्कम आणि मुदत कागदावर लिहावी, आणि ती रात्री झोपताना व सकाळी उठल्यावर मोठ्यानं वाचावी. ऑग मँडिनोच्या १९६८च्या ‘द ग्रेटेस्ट सेल्समन इन द वर्ल्ड’मध्ये दहा गुंडाळ्या आहेत, आणि प्रत्येक गुंडाळी तीस दिवस, दिवसातून तीन वेळा वाचायची आहे. याला आपल्याकडे पारायण म्हणतात. त्याही आधी १९२५मध्ये ब्रूस बार्टन या जाहिरातदारानं येशू ख्रिस्त हाच आधुनिक धंद्याचा संस्थापक, असं सांगणारं पुस्तक लिहिलं आणि ते अमेरिकेत धडाक्यानं खपलं. म्हणजे ही पुस्तकं धर्माच्या जागी आलेली नाहीत, ती धर्मातूनच निघालेली आहेत. आपल्या नवनाथ भक्तिसाराचे चाळीस अध्याय आहेत, आणि कोणत्या अध्यायाच्या पठणानं कोणतं फळ मिळेल याची यादी शेवटी दिली आहे. धंद्याच्या पुस्तकांच्या मलपृष्ठावर वेगळं काही नसतं. पद्धत पाळा, फळ मिळेल. शास्त्रात याला फलश्रुती असं नाव आहे.

फलश्रुती खरी की खोटी, हे तपासता येतं. जिम कॉलिन्सनं २००१च्या ‘गुड टू ग्रेट’मध्ये वर्षानुवर्षांचे आकडे चाळून अकरा कंपन्या निवडल्या आणि त्या महान का झाल्या याची सूत्रं काढली. त्यांपैकी सर्किट सिटी या कंपनीनं २००८मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच वर्षी फॅनी मे सरकारला ताब्यात घ्यावी लागली. जगलेल्यांच्या सवयी गोळा केल्या की त्या सवयींमुळेच ते जगले असं वाटू लागतं, कारण त्याच सवयी असून बुडालेल्यांची कुणी मोजदाद ठेवलेली नसते. पण एवढ्या लांब जायची गरज नाही. संगमेश्वर म्हटलं की मराठी माणसाला १६८९ आठवतं, संभाजीराजांना इथं पकडलं ते. त्या आठवणीखाली दुसरं एक संगमेश्वर दबलेलं आहे: शास्त्री नदीच्या काठचं बंदर. जयगडच्या खाडीतून भरतीवर गलबतं आत येत, आणि घाटावरून उतरलेला माल इथं नावेत चढे. मग सह्याद्रीवरून वाहून येणाऱ्या गाळानं पात्र उथळ होत गेलं, गलबतं खालच्या अंगालाच थांबू लागली, आणि धक्क्यावरच्या पेढीचं मोल उतरलं. त्या पेढीवाल्यानं काय चूक केली? त्याचं गिऱ्हाइकाशी बोलणं वाईट होतं का, वही अस्ताव्यस्त होती का? पुढं रस्ता आला, २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे रोहा ते मंगळूर सलग सुरू झाली, आणि ज्यांच्या जागा रस्त्याला लागून होत्या त्यांचं नशीब उघडलं. त्यांनी तरी कोणतं सूत्र पाळलं होतं? यशात माणसाच्या कर्तबगारीचा वाटा असतोच, पण गाळाचा आणि रुळांचाही असतो. धंद्याच्या पुस्तकांत त्यांना जागा नसते, कारण गाळाची फलश्रुती लिहिता येत नाही.

यावर कुणी म्हणेल की पुस्तकांना झोडपणं सोपं आहे. त्यांतून छोट्या धंदेवाल्याला जे शिकायला मिळतं ते त्याला दुसरं कोण शिकवणार? आक्षेप रास्त आहे आणि मी तो जवळजवळ पूर्ण मान्य करतो. उधारी किती दिवसांची झाली की तगादा लावावा, बाटलीच्या किमतीत झाकण, लेबल, पुठ्ठा आणि स्वतःची मजुरी धरली का, गिऱ्हाईक बोलत असताना आपण गप्प राहावं, घरखर्चाचा गल्ला आणि दुकानाचा गल्ला वेगळा ठेवावा, ही विद्या आहे आणि ती कोकणात कमी पडते. वर्षभर राबून आमसुलं घातली आणि शेवटी हिशेब केला तर मजुरीही सुटली नाही, अशी स्थिती भाबडेपणामुळे येते, तिला अनासक्ती म्हणणं ढोंग ठरेल. विकण्याची कला म्हणजे फसवणूक, हा समजही आळशी आहे. दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणणाऱ्या आणि धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणणाऱ्या परंपरेला नफ्याची लाज कधीच वाटलेली नव्हती. वहीवर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ शेजारी शेजारी लिहिले जातात; त्यातला एक शब्द खोडायला कुठल्याही संतानं सांगितलेलं नाही. तेव्हा या पुस्तकांतलं कसब कलम बांधायला शिकावं तसं शिकावं. माझा वाद त्या कसबाबरोबर एकाच पुठ्ठ्यात बांधून येणाऱ्या दुसऱ्या एका गोष्टीशी आहे.

ती गोष्ट अशी: न वाढणारा धंदा हा मरणारा धंदा, आणि म्हणून वाढवणं हे कर्तव्य. हे वाक्य पुस्तकांत सिद्ध केलेलं नसतं, ते गृहीत धरलेलं असतं, आणि गृहीत धरलेल्या वाक्यालाच श्रद्धा म्हणतात. ॲरिस्टॉटलनं फार पूर्वी एक भेद केला होता. घर चालवण्यासाठी लागणाऱ्या संपत्तीला मर्यादा असते, कारण घर ही ठरावीक गरजांची गोष्ट आहे. पैशातून पैसा वाढवण्याला मर्यादा नसते, कारण आकड्याला पोट नसतं. बागायतदाराला हा भेद ॲरिस्टॉटलशिवाय कळतो. हापूसचं झाड स्वभावानं एक वर्ष भरभरून धरतं आणि पुढच्या वर्षी दम खातं. दरवर्षी फळ हवं म्हणून कल्टार घालतात. त्यातली गंमत पुन्हा पुन्हा विचार करावा अशी आहे: हे औषध झाडाची वाढ रोखतं. पालवी आवरली की झाडाची ताकद मोहोराकडे वळते. म्हणजे उत्पन्नाची वाढ हवी तर झाडाची वाढ थांबवावी लागते. झाडाचं वय आणि विस्तार पाहून मात्रा ठरवली, खत-पाणी राखलं, तर हे चालतं. हात सैल सुटला तर झाड खंगतं, हे कोकणातला कुठलाही जाणता बागायतदार सांगेल. कल्टार घालावं की नाही यापेक्षा किती घालावं हा प्रश्न अवघड आहे, आणि ‘किती’ हा प्रश्न पुस्तकांत फक्त ‘आणखी किती’ अशा रूपात येतो.

साधुवाण्याची गोष्ट याच ‘किती’ची आहे. नदीकाठी राजा उल्कामुख व्रत करताना दिसतो, वाणी चौकशी करतो आणि घरी येऊन बायकोला, लीलावतीला, सांगतो की मूल झालं की मीही हे व्रत करीन. कलावती जन्मते. लीलावती आठवण देते. तो म्हणतो, हिच्या लग्नात करू. लग्न होतं, आणि जावयाला घेऊन तो व्यापाराला परदेशी निघून जातो. इथं गोष्टीनं मनुष्यस्वभाव फार अचूक धरला आहे. वाणी नास्तिक नाही, लुच्चाही नाही. तो ‘पुरे’ म्हणण्याची तारीख फक्त पुढं ढकलत राहतो. एवढं कर्ज फिटू दे, दुसरं यंत्र येऊ दे, मुंबईत एक दुकान होऊ दे, मग कामगारांचा पगार वाढवू, मग खाडीत सोडायचं पाणी गाळून सोडू, मग घरी वेळ देऊ. आणि कथेचा निवाडा लक्षात घेण्यासारखा आहे. परदेशात अंगावर आलेल्या चोरीच्या खोट्या आळातून सुटल्यावर राजा चंद्रकेतू वाण्याला त्याचं धन दुप्पट करून देतो. म्हणजे वाढीला कथेचा विरोध नाही. शिक्षा होते ती दिलेला शब्द लांबणीवर टाकल्याची, आणि पुढं एका खोट्याची. नावेत काय आहे, असं दंडी संन्यासी विचारतो तेव्हा वाणी हसून म्हणतो, वेली आणि पानं. तसंच होवो, असं म्हणून दंडी निघून जातो. आणि थोड्या वेळानं नाव पाण्यावर वर उचललेली दिसते, कारण तिच्यात खरोखरच पाला उरलेला असतो. मालाविषयी खोटं बोललं की माल तसाच होतो, हे आजच्या आंब्याच्या बाजारात रोज घडतं. ‘हापूस’ या नावाला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मागणी बागेच्या पलीकडे गेली की कर्नाटकाचा आंबा कोकणच्या पेटीत भरून विकला जातो, आणि खऱ्या पेटीवरचाही विश्वास उडतो.

विक्रीच्या पुस्तकांचं या बाबतीत एक विचित्र प्राक्तन आहे. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञानं १९८४मध्ये ‘इन्फ्लुअन्स’ लिहिलं ते गिऱ्हाइकानं सावध व्हावं म्हणून. दुर्मिळतेचा आव आणून माणसाला कसं घाईला आणतात, फुकटची वस्तू हातात ठेवून उपकाराखाली कसं दाबतात, हे त्यानं उघड केलं. विक्रेत्यांनी ते पुस्तक हत्यार म्हणून उचललं. पण दुर्मिळता खरीही असू शकते. मार्च ते मे एवढाच हापूसचा हंगाम, आणि ‘संपला, आता पुढच्या वर्षी’ असं बागायतदार सांगतो तेव्हा ते तंत्र नसतं. छोट्या धंद्याचं सगळं सामर्थ्य अशा खऱ्या ‘संपला’मध्ये असतं. वाढीचं कर्तव्य अंगावर घेतलं की पहिला बळी जातो तो याच शब्दाचा.

मग मर्यादा कुणी घालायची? कौटिल्यानं ती राजावर सोपवली: देशी मालावर शेकडा पाच, परदेशी मालावर शेकडा दहा, याहून जास्त नफा घेणाऱ्या व्यापाऱ्याला दंड. बाहेरून घातलेल्या मर्यादेतून माणूस पळवाट काढतो, हे सांगायला नको. जैन परंपरेनं ती आत नेली. उपासकदशांग या आगमात आनंद नावाचा गृहस्थ येतो. त्याचे चार कोटी तिजोरीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात, आणि दहा-दहा हजारांचे गाईंचे चार कळप. तो महावीरांसमोर व्रत घेतो की यापुढं याहून जास्त नको. आकडे पाहून हसू येईल. बारा कोटींवर थांबणं कुणालाही जमेल! पण तत्त्व आकड्यात नाही. व्यापार सोडायचा नाही, मर्यादा आधी ठरवायची, आणि ती कुणाच्या तरी समोर ठरवायची, हे ते तत्त्व.

याहून थेट उत्तर बाराव्या शतकातल्या कल्याणच्या शरणांनी, म्हणजे बसवेश्वरांच्या पंथातल्या भक्तांनी, दिलं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरनं बसवेश्वर बराच काळ आपल्या संगमेश्वरात राहिल्याचं नोंदवलं आहे. माझ्या मते ती कृष्णा-मलप्रभेच्या संगमावरच्या कुडलसंगमाशी झालेली गल्लत आहे. गावातल्या कर्णेश्वराच्या देवळाला त्या नोंदीच्या टेकूची गरज नाही, पण चुकीनं का होईना, कायक आणि दासोह हे दोन शब्द त्या नोंदीमुळे गावाच्या दारात आले, हे बरंच झालं. कायक म्हणजे श्रमच पूजा, दासोह म्हणजे श्रमाचं फळ समाजाला वाटून देणं. आयदक्की मारय्याचं कायक होतं सांडलेले तांदूळ वेचण्याचं. एक दिवस तो रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला. त्याची बायको लक्कम्मा हिनं ते शिजवायला घेतले नाहीत, जास्तीचे जिथले तिथं टाकून यायला सांगितलं. तांदूळ चोरीचे नव्हते, कष्टाचेच होते. तिचा आक्षेप मार्गाला नव्हता, प्रमाणाला होता. धंद्याची पुस्तकं फार तर मार्ग स्वच्छ ठेवायला सांगतात. प्रमाणाबद्दल विचारणारी लक्कम्मा त्यांत नसते.

इथं सर्वांत कठीण आक्षेप येतो, आणि तो कोकणातूनच येतो. ‘पुरे’ म्हणणं ही पोट भरलेल्यांची चैन आहे. ज्या तालुक्यातली घरं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरवर चालली, जिथली पोरं दहावी-बारावी झाली की गाडी पकडतात आणि गणपती-शिमग्याला पाहुण्यासारखी येतात, तिथं चार माणसांचा धंदा चाळीस माणसांचा होणं याचा अर्थ छत्तीस घरांना कुलूप न लागणं असा होतो. अशा ठिकाणी वाढीला नाकं मुरडणं निर्दयपणाचं आहे. हा आक्षेप मला खोडता येत नाही आणि खोडायचाही नाही. पण तो नीट ऐकला तर तो वाढीच्या बाजूचा कमी आणि मोजमापाच्या बाजूचा जास्त आहे. ‘छत्तीस घरं’ हे एक माप आहे. त्यात वाढ कुणासाठी आणि कुठपर्यंत हे सांगितलेलं आहे. पुस्तकातली वाढ असं कधीच सांगत नाही. धंदा चाळिसाचा झाल्यावर माणसं कमी करून नफा वाढवावा, असं तेच पुस्तक पुढच्या प्रकरणात सुचवतं. दुसरा आक्षेप स्पर्धेचा: तुम्ही थांबलात तर मोठा मासा गिळेल. काही धंद्यांत हे खरं आहे, आणि तिथं टिकण्यापुरतं वाढणं हाही एक आकडाच झाला. पण आगळाची चव, ओळखीचं गिऱ्हाईक आणि हंगामाचा शब्द यांवर चालणारा धंदा आकारानं क्वचितच वाचतो.

संतांचा दाखला व्यापाऱ्याला लागू नाही, असंही म्हणतात. तुकोबांचं उदाहरण तर उलटंच वापरलं जातं: वाण्याच्या घरात जन्मले, दुष्काळात दिवाळं निघालं, आणि कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असा माणूस धंद्याला काय शिकवणार? पण परंपरेनं सांगितलेला तपशील वाचावा. कागद बुडवण्याआधी त्यांचे दोन वाटे झाले. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, वाटा त्याच्या हातात दिला गेला, आणि फक्त आपला वाटा पाण्यात गेला. आपलं ‘पुरे’ भावावर लादलं नाही. येणं वसूल करून घर चालवण्याचा कान्होबाचा हक्क अबाधित राहिला, आणि त्या हक्कानं तो भक्तीला कमी ठरला नाही. थोरल्या भावाच्या प्रयाणानंतर कान्होबाचे अभंगही गायले गेले. एकाच पेढीचे दोन वारस आणि दोघांच्या मर्यादा वेगळ्या, हे त्या दोन ढिगांत मान्य केलेलं आहे.

तेव्हा दिवाळीच्या पाडव्याला नवी वही उघडते आणि पहिल्या पानावर श्री, शुभ, लाभ लिहिलं जातं, त्याच पानावर वर्षाची मर्यादा लिहायला मला हरकत दिसत नाही: इतक्या पेट्या, इतक्या बाटल्या, इतकी माणसं, इतकं घर. मोहोर अजून दिसायचा असतो, मागणीचे फोन सुरू झालेले नसतात; एप्रिलमध्ये ठरवलेली मर्यादा ही मर्यादा नसते. ती लिहिताना शेजारी कोण बसलं आहे, हे मात्र आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. या गोष्टींतून ‘किती’ हा प्रश्न विचारणाऱ्या बहुधा बायकाच निघाल्या, हा योगायोग नाही. लक्कम्मानं जास्तीचे तांदूळ परत पाठवले. लीलावतीनं शब्दाची आठवण दिली आणि तिला लग्नापर्यंत थांबायला सांगितलं गेलं. तुकोबांच्या बायकोचा, देहूच्या आवलीचा, प्रश्न या दोघींच्या उलट्या टोकाचा होता: आज चुलीवर काय ठेवू? कागदांचे दोन ढीग झाले तेव्हा तिला कुणी विचारलं होतं, असं परंपरा सांगत नाही.